सतरा रुपये सत्तर पैसे

परिपत्रक आलं रोवणीच्या दिवसांत,
अर्धा वर्ग बांधीत असताना.
शनिवार, शेवटचा तास: आर्थिक साक्षरता.
इयत्ता सहावी ते आठवी. अंमलबजावणी तात्काळ.
फोटो त्याच दिवशी अपलोड करावेत.

सोबत गुळगुळीत कागदाची पुस्तिका.
मुखपृष्ठावर गुलाबी डुक्कर,
त्याच्या पाठीत नाणं टाकणारा गोरागोमटा मुलगा.
निहाल गेडाम बराच वेळ पाहत राहिला.
"सर, डुक्कर तं धान खाऊन जाते,
अन् हा त्याले वरून पैसे काऊन देते जी?"

स्वाध्याय पहिला.
कुटुंबाचे मासिक उत्पन्न लिहा.
पेन्सिली थांबल्या.
"कोनत्या महिन्याचं?" करिष्मा कोवेनं विचारलं.
मोहाचं मार्चात. तेंदूचं मे महिन्यात, पंधराच दिवस.
धानाचं दिवाळी झाल्यावर.
बोनस आला तं आला.
मी फळ्यावर बारा चौकोन आखले,
आठ रिकामे राहिले.
रिकाम्या चौकोनात काय खायचं असतं
ते पुस्तिकेत नव्हतं.

सातचा पाढा श्रेयाला अजून येत नाही,
पण तेंदूची सत्तर पानं
ती बोलता बोलता मोजते, पुडा बांधते,
एक पान कमी नाही, एक जास्त नाही.
हे कोणत्या रकान्यात भरू,
मी केंद्रप्रमुखांना विचारलं नाही.

तिसऱ्या शनिवारी
खिचडीची गंजं घासून सिंधुबाई कन्नाके दारात उभी राहिली.
ओले हात लुगड्याला पुसले,
कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडली, तिचं रबर काढलं.
"पोट्टेहो, पैशाचंच शिकता ना?
मंग हे वाचून सांगा."

पासबुक बाकावरून बाकावर फिरलं.
मानधन जमा. चार महिन्यांचं, एकदम.
आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरात,
सतरा रुपये सत्तर पैसे वजा.
तीन महिन्यांनी पुन्हा. पुन्हा.
निहालनं बोट ठेवून अक्षरं जुळवली: एसएमएस शुल्क.
"मोबाइल हाय का तुमच्यापाशी?"
"पोराजवळ होता. तो हैदराबादले गेला,
मोबाइल घेऊनच."

वर्ग गप्प.
मग करिष्मा, हळूच, हिशेब जुळल्यासारखी:
"म्हनजे पैसे तुमचे,
मेसेज जाते हैदराबादले,
अन् तिकीट तुमीच काढून देता."

अर्ज मराठीच्या तासाला शिकवून झाला होता.
मा. शाखा व्यवस्थापक यांस. विषय. महोदय.
'आपली कृपाभिलाषी' त्यांनी खोडलं,
वाद घालून 'खातेदार' लिहिलं.
सिंधुबाईनं अंगठा लावला,
शाई निघेना म्हणून राखेनं घासला.

तेवढ्यात करिष्मानंच विचारलं,
"सर, तुमच्या पगारातून काय कटते?"

अकरा वर्षं झाली नोकरीला.
दर महिन्याला एक रक्कम कटते,
म्हातारपणासाठी, असं म्हणतात.
कुठं जमते, किती झाली, कोणाला विचारायचं,
मला ठाऊक नाही.
मी म्हणालो, घंटा झाली.
घंटा झाली नव्हती.

फोटो पाण्याच्या टाकीवर चढून अपलोड केले,
तिथंच रेंज येते.
उपक्रम: यशस्वी. विद्यार्थी: तेवीस.
सिंधुबाई फोटोत नाही,
तिच्यासाठी रकाना नव्हता.

जानेवारीत पासबुक छापून आलं.
सतरा सत्तर, होतं तसंच.
करिष्मानं त्याखाली लाल रेघ ओढली,
समासात लिहिलं: अर्ज दुसरा.
तारीख टाकली. पोच घ्यायची, असंही लिहिलं.

त्या रात्री मी पगाराची स्लिप काढली,
कोरा कागद घेतला,
डाव्या बाजूला 'प्रति' लिहिलं, पुढं 'मा.'
आणि तिथंच अडकलो.

सोमवारी विचारावं लागेल तिला.